आधी पडदा, मग पेटी

बारावीची परीक्षा संपते आणि रात्री जेवताना विषय निघतो.

‘‘बाबा, मला कॉम्प्युटर घ्यायचाय. गेमिंगचा. सुटे भाग आणून मीच जोडणार.’’

‘‘किती लागतील?’’

‘‘साठ हजार.’’

बाबांचा घास हातातच राहतो. आई विचारते, ‘‘साठ हजार, आणि ते खेळायला?’’

असा संवाद हल्ली पुष्कळ घरांतून ऐकू येतो. आईवडिलांना धास्ती असते ती पैसे वाया जाण्याची, आणि ती अगदीच निराधार नाही. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, दिल्लीचं नेहरू प्लेस असो की बंगळुरूचा एस. पी. रोड, काचेच्या पेटीत रंगीत दिवे फिरवणारा ‘तयार सेट’ दुकानाच्या दर्शनी भागात झगमगत असतो. त्या दिव्यांनी गेम कणभरही वेगाने चालत नाही. पैसे कुठे मोजायचे आणि कुठे हात आखडता घ्यायचा, एवढं कळलं की अर्धी लढाई जिंकली.

सुरुवात मॉनिटरपासून

बहुतेकजण प्रोसेसरपासून यादी सुरू करतात. ती मॉनिटरपासून करावी. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. फोर-के पडद्यावर ते बरोबर चौपट, जवळजवळ ८३ लाख. गेम चालू असताना हे सगळे ठिपके सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवायचे असतात. हे काम ग्राफिक्स कार्डाचं. पडदा फुल एचडी ठेवला की कार्डावरचा भार खूपच हलका होतो आणि खिशावरचाही. पहिल्या कॉम्प्युटरला चोवीस इंची फुल एचडी मॉनिटर पुरे.

मोठा वाटा कार्डाचा

मॉनिटर वगळून जे पैसे उरतील, त्यातला तिसरा हिस्सा किंवा थोडा अधिक ग्राफिक्स कार्डासाठी राखावा. नव्या गेमसाठी कार्डाची स्वतःची मेमरी निदान ८ जीबी हवी. वापरलेलं कार्ड स्वस्तात मिळतं, पण त्याचा पूर्वेतिहास विचारावा. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली, कार्डं लावून ते ‘खणण्याचा’ धंदा बसला आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. जुनं घ्यायचंच तर दुकानात अर्धा तास गेम चालवून बघावा आणि वॉरंटी किती उरली आहे ते विचारावं.

नावाला भुलू नका

‘आय-सेव्हन आहे साहेब, एकदम टॉप!’ हे वाक्य जुन्या मालाच्या दुकानात हमखास कानावर येतं. इथे पिढी विचारायची. २०११चा आय-सेव्हन २६०० आणि २०२२चा आय-थ्री १२१०० या दोघांनाही चारच कोअर. पण नावाने धाकटा असलेला आय-थ्री कामात त्या आय-सेव्हनला कुठल्या कुठे मागे टाकतो. शिवाय विंडोज १०ला मिळणारा नेहमीचा आधार ऑक्टोबर २०२५मध्ये संपला आणि विंडोज ११ साठी मान्य असलेल्या प्रोसेसरांत तो जुना आय-सेव्हन नाही. आजच्या खेळांना अलीकडच्या पिढीचा सहा कोअरचा प्रोसेसर भरपूर झाला.

प्रोसेसर ठरला की त्याला बसणाराच मदरबोर्ड घ्यायचा आणि बोर्डाला चालेल तीच रॅम. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. सोळा जीबी घ्यायची तर एकच मोठी पट्टी घेण्याऐवजी आठ-आठच्या दोन घ्याव्यात, कारण दोन वाटांनी माहितीची ने-आण लवकर होते. २०२५च्या अखेरीस मेमरीचे भाव झपाट्याने चढले होते, तेव्हा मागच्या वर्षीच्या यादीवर विसंबून बाजारात जाऊ नये.

हा भाग कुणी दाखवत नाही

पेटीच्या कोपऱ्यात बसणारा एसएमपीएस, म्हणजे घरातली वीज कॉम्प्युटरच्या भागांना पचेल अशी करून देणारा डबा. तो दिसत नाही, म्हणून काटकसर नेमकी तिथे होते. पेटीबरोबर ‘फुकट’ आलेल्या डब्यावर ५०० वॉट छापलेलं असतं; पण कार्ड आणि प्रोसेसरला लागते ती १२ व्होल्टची वीज तो किती देतो, हे लेबलवर वेगळं वाचावं लागतं. तो बिघडला तर एकटा जाईलच असं नाही, महागडं कार्डही सोबत घेऊन जाऊ शकतो.

हिशेब सोपा आहे. आरएक्स ६६०० सारखं कार्ड १३२ वॉट घेतं, सहा कोअरचा बेताचा प्रोसेसर भर कामात नव्वदच्या आसपास, बाकी सगळ्याला पन्नास धरा. बेरीज पावणेतीनशे. म्हणजे नावाजलेल्या कंपनीचा खराखुरा ५५० वॉटचा डबा पुढे मोठं कार्ड घेतलं तरी बहुधा पुरेल. हजार वॉटचा घेण्याचं कारण नाही.

पैसे कमी पडले तर

सगळे भाग कमी दर्जाचे घेण्यापेक्षा एक भाग पुढे ढकलावा. रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सची सोय आतच असते. त्यावर हलके गेम चालतात, अभ्यासही होतो. एसएमपीएस मात्र पुढचा विचार करूनच घ्यावा. मग दिवाळीला नुसतं कार्ड आणून बसवता येतं. उलट, इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असतं, त्यात ही सोय नसते. तो घेऊन कार्ड मागाहून घेऊ म्हटलं, तर तोवर पडद्यावर काहीच दिसणार नाही.

‘बिल नको असेल तर कमी करतो’ म्हणणाऱ्या दुकानदाराला नम्रपणे नकार द्यावा. प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर जीएसटी बिलावर लिहून घ्यावा. भाग बिघडला की तो कागदच कामाला येतो.

जोडणी एका स्क्रू-ड्रायव्हरवर होते. भागांना हात लावण्याआधी धातूच्या वस्तूला स्पर्श करून अंगातली स्थिर वीज उतरवावी. आणि शेवटी मॉनिटरची केबल मदरबोर्डला न लावता ग्राफिक्स कार्डाला लावावी. ही चूक पुष्कळजण करतात: चित्र दिसतं, गेम मात्र अडखळतो, आणि सगळ्यात महागाचा भाग आत नुसता बसून राहतो.

आईच्या प्रश्नाला उत्तर द्यायला मुलाकडे आता एक कागद हवा. त्यावर प्रत्येक भागाचं नाव, किंमत आणि ‘हाच का?’ याचं एका ओळीचं उत्तर. तो कागद ज्याला लिहिता येईल, त्याच्या हाती पैसे द्यायला बाबांनी फार घाबरू नये.