परत सागरलाच

आमच्या हैदराबादच्या बरकतपुऱ्यात सुट्टीचा विषय निघाला की हल्ली अंदमान, मालदीव, बाली अशी नावं ऐकू येतात. आमच्या घरी मात्र पावसाळा सरता सरता एकच बेत ठरतो: नागार्जुनसागरला जायचं आणि लाँचनं नागार्जुनकोंडा बेट गाठायचं. डब्यात दहीभात, शेंगदाण्याची चटणी आणि शेजारच्या तेलुगू मावशींनी हमखास दिलेला पुळिहोरा. "परत तिथंच?" असं विचारणारं कुणीतरी दरवर्षी भेटतंच.

हो, परत तिथंच. कारण एका भेटीत कळावं असं ते बेट नाही. मुळात ते बेटच नव्हतं. कृष्णेच्या खोऱ्यातली ती एक टेकडी. पायथ्याशी तिसऱ्या-चौथ्या शतकात इक्ष्वाकूंची राजधानी विजयपुरी नांदत होती. १९५५ साली पंडित नेहरूंनी सागर धरणाची पायाभरणी केली. खोरं पाण्याखाली जाणार हे ठरल्यावर पुरातत्त्व खात्यानं १९५४ ते १९६० अशी सलग सहा वर्षं ते खणून काढलं. निवडक स्तूप आणि विहार उचलून टेकडीवर आणि काठावर अनुपूला पुन्हा उभे केले. मग पाणी चढलं. आज लाँच निवांत चालते ती एका बुडालेल्या नगरावरून.

लहानपणी लाँचचा कठडा आणि तोंडावर उडणारं पाणी एवढंच आवडायचं. पुढं संग्रहालयातल्या खोऱ्याच्या प्रतिकृतीपाशी पाय रेंगाळू लागले. आपण कशावरून तरंगत आलो ते तिथं डोळ्यांना दिसतं. स्तूपाच्या पायात चाकासारखे आरे आहेत, हे तर किती उशिरा लक्षात आलं! आता मन अडकतं ते प्राकृत लेखांत. चांतिसिरी ही इक्ष्वाकू राजाची बहीण. महाचैत्याला, म्हणजे मोठ्या स्तूपाला, तिनं दिलेलं दान दगडावर कोरलेलं आहे. तिचा भाऊ वासिठीपुत चांतमूल, भाचा माढरिपुत वीरपुरुषदत्त. आईच्या नावानं ओळख सांगायची ही रीत आपल्या पैठणच्या गौतमीपुत्राची, आणि सातवाहनांनंतरच इक्ष्वाकू इथं उदयाला आले. तेलुगू मुलखात राहणाऱ्या मराठी माणसाला हे वाचून किती जवळचं वाटतं, ते इथं राहिल्याशिवाय कळायचं नाही.

शिवाय बेट दरवर्षी तेच नसतं. धरण भरलं की पाणी झाडांच्या बुंध्यांशी येतं. उतरलं की काठाचा उघडा तांबूस पट्टा दिसतो. नवी ठिकाणं बघावीत, जरूर बघावीत. पण ठिकाणांची यादी संपवण्यापेक्षा एका ठिकाणाशी वर्षानुवर्षं ओळख वाढवण्यात जास्त सुख आहे, असं माझं ठाम मत आहे.

हैदराबादकर मराठी मंडळींनी यंदा मुलांना घेऊन जाच. अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. पाणी फार उतरलं की लाँच बंद ठेवतात, तेव्हा आधी चौकशी करा. आणि शुक्रवार टाळा. संग्रहालय बंद असतं.