कागद कमी, उत्तरदायित्व कायम

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेच्या महापुरात सांगली बुडाली आणि जुलै 2021 मध्ये पाटण तालुक्यात दरडी कोसळल्या, तेव्हा सांगली-साताऱ्यातील लहान संस्था व मंडळे मदतीस धावली. मात्र अशा संस्था शासकीय अनुदान मागू लागल्या की कागदपत्रांत अडकतात.

विश्वस्त बदलल्यास 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो प्रलंबित असेल, तर नव्या विश्वस्तांची नावे नोंदवहीत येत नाहीत आणि त्यांच्या सहीच्या प्रस्तावावर शंका उपस्थित होते. 2017 च्या दुरुस्तीने अशा बदलास 15 कामकाजाच्या दिवसांत तात्पुरती मान्यता देण्याची तरतूद केली. हे स्वागतार्ह होय.

यापुढील पाऊल सोपे आहे. वार्षिक हिशेब व लेखापरीक्षण अहवाल संस्था धर्मादाय कार्यालयास देतच असतात. अनुदान देणाऱ्या विभागाने ते तेथूनच घ्यावेत, संस्थेकडे पुन्हा मागू नयेत. सवलत कागदांत असावी, हिशेबात नव्हे.

आपल्याही संस्थांनी बदल अर्ज व हिशेब मुदतीत सादर करावेत. ज्याचे दप्तर स्वच्छ, त्याच्याच मागणीला वजन येते.