मेणबत्ती विकून मधमाशी वाचत नाही

सामुदायिक बागेत मधपेटी ठेवावी, पोळ्याचे मेण काढावे, त्याच्या मेणबत्त्या व ओठांचे मलम करावे आणि वेष्टनावर ‘मधमाश्या वाचवा’ असे छापावे, ही कल्पना भारतीय शहरांतही रुजू लागली आहे. उद्योग म्हणून ती निर्दोष असेल. संवर्धन म्हणून मात्र ती दिशाभूल आहे.

मुळात मेण हा टाकाऊ पदार्थ नव्हे. तरुण कामकरी माशीच्या पोटाखालील ग्रंथींच्या चार जोड्यांतून ते पातळ पापुद्र्यांच्या रूपात स्रवते. एक किलो मेण घडवताना माश्या सुमारे सहा ते आठ किलो मध खर्ची घालतात, असा अंदाज सर्वत्र दिला जातो. चांगले पोळे मोडणे म्हणजे वसाहतीची साठवलेली कमाई लुटणे. न्याय्य वाटा दोनच: मधाच्या कोठड्यांवरील झाकणांचे मेण आणि जुनी, काळी पडलेली पोळी.

दुसरा प्रश्न रसायनशास्त्राचा. मेण स्निग्ध असल्यामुळे स्निग्धविद्राव्य कीटकनाशके त्यात मुरतात आणि वितळवून गाळल्यानेही जात नाहीत. उत्तर अमेरिकेतील मेणाच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत सुमारे ९८ टक्के नमुन्यांत फ्लुव्हॅलिनेट व कुमाफॉस आढळले. ही दोन्ही माश्यांवरील परजीवी कोळीकिडा मारण्यासाठी मधपाळांनीच वापरलेली औषधे. मग जुन्या पोळ्याचे मेण न तपासता ओठांना लावण्यास ‘नैसर्गिक’ म्हणून विकणे कोणत्या विज्ञानात बसते?

तिसरा प्रश्न सर्वांत गंभीर. पेटीतील माशी पुष्कळदा युरोपीय एपिस मेलिफेरा असते. १९६० च्या दशकात ती या देशात स्थिरावली; आज ती पाळीव पशुधन आहे. कोंबड्या पाळल्याने माळढोक वाचत नाही. भारतात मधमाश्यांच्या कुळांतील शेकडो जाती आहेत. त्यांपैकी बहुतेक एकाकी राहतात. कोणी मातीत बीळ करते, कोणी वाळक्या लाकडात. त्या विकण्याजोगे मेण देत नाहीत, म्हणून त्यांच्या नावाने मोहीमही निघत नाही. उलट बागेतील पेटीचे कौतुक करणारी वसाहतच गच्चीखालचे आग्या मोहोळ धूर करून जाळून टाकते.

केंद्र सरकारने २०२०-२१ ते २०२२-२३ या काळासाठी राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियानास ५०० कोटी रुपये मंजूर केले. शेतकऱ्याचे उत्पन्न आणि पिकांचे परागीभवन ही उद्दिष्टे योग्यच आहेत. पण ते शेतीचे धोरण आहे. त्याला जैवविविधतेचे धोरण समजू नये.

पेटी ठेवणाऱ्या बागेने तीन गोष्टी कराव्यात. वेष्टनावर माशीची जात लिहावी, मेणाचा तपासणी अहवाल जाहीर करावा आणि बागेचा एक कोपरा उघड्या मातीला, वाळक्या ओंडक्याला व देशी फुलझाडांना द्यावा. त्या कोपऱ्यातून विकण्याजोगे काहीच निघणार नाही. संवर्धनाची खरी परीक्षा तिथेच आहे.