कुलूपबंद घरे आणि चार दिवसांचे पाहुणे

जळगाव किंवा धुळे शहराच्या नव्या वसाहतींतून सायंकाळी फेरफटका मारला, तर दिवा न लागलेली घरे ठिकठिकाणी दिसतात. मुले नोकरीनिमित्त पुण्यास, मुंबईस वा परदेशी असतात आणि आईवडील वर्षातील काही महिने त्यांच्याकडे राहतात. कोणी निवृत्तीनंतरची सोय म्हणून घर बांधून ठेवले आहे, पण निवृत्तीस अजून दहा वर्षांचा अवकाश आहे. याच शहरांत शैक्षणिक वर्षाच्या आरंभी विद्यार्थी परवडणाऱ्या खोलीसाठी हिंडत असतात, आणि बाहेरगावच्या रुग्णांचे नातेवाईक रुग्णालयाच्या आवारात सतरंजी अंथरून रात्र काढतात. घरांची टंचाई आणि रिकामी घरे एकाच गावात नांदत आहेत, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

ही विसंगती केवळ खानदेशापुरती नाही. २०११ च्या जनगणनेत देशभर सुमारे २ कोटी ४७ लक्ष घरे रिकामी आढळली. २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीनुसार नागरी भागातील सुमारे १२ टक्के घरे रिकामी होती, आणि अशा घरांची सर्वांत मोठी संख्या, सुमारे २० लक्ष, महाराष्ट्रात होती. अर्थशास्त्राच्या परिभाषेत हे निष्क्रिय भांडवल होय. ते उपयोगात आणण्याचे दोन मार्ग अलीकडे सुचविले जातात. घर अथवा त्यातील खोली दिवसाच्या हिशेबाने पाहुण्यांस भाड्याने देणे हा पहिला, आणि मालकाच्या गैरहजेरीत घर राखण्यास विश्वासू माणूस ठेवणे हा दुसरा. या दोहोंचे लाभ आणि धोके तपासून पाहणे अगत्याचे आहे.

दोन्ही प्रथा मुळात आपल्याला अपरिचित नाहीत. लग्नात वऱ्हाडासाठी शेजाऱ्याने आपले घर मोकळे करून द्यावे आणि त्याचे जानवसघर व्हावे, हा रिवाज जुन्या पिढीच्या चांगला स्मरणात आहे. मालक यात्रेला गेला म्हणजे नात्यातला एखादा विद्यार्थी रात्री त्याच्या घरी झोपावयास जाई. तेथे पैशाचा प्रश्न नव्हता, कारण देणारा आणि घेणारा एकमेकांस ओळखत होते. आज पाहुणा अनोळखी आहे, त्याची गाठ दूरध्वनीच्या पडद्यावर पडते आणि व्यवहार रोखीचा आहे. ओळखीची जागा कशाने भरून काढावयाची, हा या प्रश्नाचा गाभा आहे.

भीतीचा इतिहास

मालक घर रिकामे ठेवतो, पण भाड्याने देत नाही, यामागे निव्वळ लहर नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १९४० च्या पातळीशी जखडून ठेवले. कायद्याच्या बंधनातून सुटण्यासाठी पुढे लोकांनी ‘लीव्ह अँड लायसन्स’चा मार्ग शोधला. परंतु १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा करारान्वये जे राहत होते, त्यांस दुरुस्तीने भाडेकरूचा दर्जा मिळाला. ‘अकरा महिन्यांसाठी दिले आणि कायमचे गेले’ ही मध्यमवर्गीय मालकाची धास्ती अशा अनुभवातून जन्मास आली. देशातील नागरी कुटुंबांपैकी भाड्याच्या घरात राहणाऱ्यांचे प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होते, ते २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आले. या घसरणीस अन्य कारणेही आहेत, परंतु ही धास्ती त्यांपैकी एक आहे, हे नाकारता येणार नाही.

वस्तुतः परिस्थिती आता पुष्कळ पालटली आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम २४ नुसार मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्यास ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असणे सक्तीचे असून तो करवून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. तसा करार नसेल, तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. कायद्यातील ही सुधारणा कित्येक मालकांच्या मनापर्यंत अद्याप पोहोचलेली नाही. ‘चार दिवसांचा पाहुणा घर बळकावणार नाही’ या समजुतीने त्यांना दिवसाचे भाडे सुरक्षित वाटते.

लाभ कोणाचा, तोटा कोणाचा

अल्पकालीन भाड्याची उपयुक्तता मान्य केली पाहिजे. काही मागण्या वर्षभर सारख्या नसतात, त्या अकस्मात उसळतात आणि ओसरतात. अमळनेरला १९५२ नंतर पुन्हा २०२४ च्या फेब्रुवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अशा तीन दिवसांच्या गर्दीसाठी कोणतेही गाव कायमची हॉटेले उभारून ठेवू शकत नाही. अजिंठ्याची लेणी जळगावपासून सुमारे ६० किलोमीटरवर आहेत. धुळे हे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन महामार्गांच्या संगमावर वसलेले आहे, आणि तेथील राजवाडे संशोधन मंडळाची दप्तरे पाहण्यास अभ्यासक बाहेरगावाहून येतात. लग्नसराई, स्पर्धा परीक्षा, रुग्णालयातील शस्त्रक्रिया अशा प्रसंगी दोन-चार दिवसांचे स्वच्छ बिऱ्हाड ही खरीखुरी गरज असते. एखाद्या निवृत्त शिक्षकाने आपल्या घरातील मोकळी खोली अशा पाहुण्यास दिली, तर त्याच्या निवृत्तिवेतनास हातभार लागतो आणि दिवाळीत मुले आली म्हणजे खोली पुन्हा घरच्या उपयोगी पडते.

मात्र यातील प्राप्तीचे जे आकडे ऐकविले जातात, ते कागदावर मांडून पाहावेत. समजा, एक घर महिन्याला ८,००० रुपये भाड्याने जाते, म्हणजे वर्षाला ९६,००० रुपये मिळतात. तेच घर दिवसाला १,२०० रुपयांनी दिले आणि साफसफाई, चादरींची धुलाई, वीज व मध्यस्थाचे कमिशन यांत ४०० रुपये गेले, तर हाती ८०० रुपये उरतात. पूर्वीइतकेच उत्पन्न मिळविण्यास वर्षातील १२० रात्री, म्हणजे जवळजवळ प्रत्येक तिसरी रात्र, घर भरलेले असावे लागेल. शिवाय मे महिन्यात आणि दिवाळीत, जेव्हा पाहुण्यांची मागणी वाढते, तेव्हाच मालकाचे आप्तही घरी येणार. आपल्या शहरांतील बहुसंख्य घरांना हा व्यवहार किफायतशीर ठरण्याचा संभव कमी आहे.

तथापि रुग्णालय, बसस्थानक आणि महाविद्यालय यांच्या आसपासच्या घरांना तो परवडेल, आणि नेमकी हीच वस्ती विद्यार्थ्यांच्या आणि बदलीवर आलेल्या कारकुनांच्या खोल्यांची आहे. तेथे मासिक भाड्याच्या खोल्या दैनिक भाड्याकडे वळल्या, तर उरलेल्यांचे भाडे चढेल, आणि त्याची झळ विद्यापीठात शिकावयास आलेल्या साक्री-शिरपूरकडील मुलामुलींना बसेल. परदेशांत हे घडून गेले आहे. न्यूयॉर्क शहराने २०२२ मध्ये कायदा करून ३० दिवसांहून कमी मुदतीच्या भाड्यासाठी नोंदणी सक्तीची केली, आणि २०२३ च्या सप्टेंबरपासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. यजमानाने पाहुण्याच्या मुक्कामात स्वतः तेथे राहिले पाहिजे, असा तेथील दंडक आहे. बार्सिलोनाच्या महापौरांनी २०२४ मध्ये जाहीर केले की, पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या १०,१०१ सदनिकांचे परवाने २०२८ नंतर चालू ठेवले जाणार नाहीत. जळगावचे बार्सिलोना होईल असे कोणी म्हणणार नाही, पण घरांचा पुरवठा मर्यादित असता त्याचे परिणाम लहान गावातही त्याच दिशेने होतात.

राखणदाराची बाजू

घर राखण्याच्या प्रथेत हा दोष नाही. तीत घराचा धंदा होत नाही आणि त्याची निगाही राहते. कुलूप पाहून होणाऱ्या चोरीस आळा बसतो, नळाला पाणी येईल त्या दिवशी टाकी भरली जाते, पावसाळ्यात गळती वेळीच ध्यानात येते, आणि गरजू विद्यार्थ्यास अभ्यासाला शांत जागा मिळते. ‘राखणदारच मालक होऊन बसेल’ या शंकेला गोव्यातील एका बहीण-भावाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट उत्तर दिले आहे. राखणदार, पहारेकरी वा नोकर कितीही काळ राहिला, तरी केवळ त्या वास्तव्यामुळे त्याला मालमत्तेत हक्क प्राप्त होत नाही.

परंतु या निकालाने मालक निर्धास्त झाला, तरी राखणदाराचा प्रश्न उरतोच. अर्धवट बांधलेल्या बंगल्यात सहकुटुंब राहून पहारा करणाऱ्या मजुरास ‘राहावयास जागा दिली आहे’ या सबबीवर वेतन नाकारले जाते, आणि काम संपताच एका दिवसात त्याचे बिऱ्हाड रस्त्यावर येते. ऐन परीक्षेच्या तोंडावर मालकाने घर मागितले, तर विद्यार्थ्याचीही तीच गत होते. जागेचा उपयोग हा श्रमाचा मोबदला असेल, तर त्याची मुदत, विजेचे देयक कोणी भरावयाचे, घर सोडण्याची पूर्वसूचना किती दिवसांची, हे कागदावर यावयास हवे.

दोन्ही व्यवहारांचा एकत्र विचार करता निर्णायक प्रश्न मुदतीचा नसून, घरात उत्तरदायी माणूस आहे की नाही, हा आहे. आपल्या कायद्यानेही हा भेद पूर्वीच ओळखला होता. १९७३ च्या त्याच दुरुस्तीत, मालक स्वतः ज्या घरात राहतो त्याचा भाग पैसे देऊन वापरणाऱ्या पाहुण्यास भाडेकरूच्या दर्जातून वगळले होते. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या निवास-न्याहारी योजनेतही मालकाचे कुटुंब त्या घरात राहत असले पाहिजे, अशी अट आहे. यजमान घरात असला म्हणजे पाहुण्याची ओळख पटविली जाते, रात्री-अपरात्रीचा गोंगाट थांबतो, आणि शेजाऱ्याला तक्रार करावयास एक दार असते. मालक पुण्यात, किल्ली दरवाज्याजवळच्या पेटीत आणि पाहुणा अनोळखी, अशा घराविषयी मात्र शेजारी चिंतित राहिले, तर त्यांना दोष देता येणार नाही.

या भेदाच्या आधारे तीन गोष्टी करता येतील. यजमान जेथे राहतो तेथील एक-दोन खोल्यांसाठी महापालिकेने साधी, एका पानाची नोंदणी पुरेशी मानावी आणि अशा मालकांस उत्तेजन द्यावे. संपूर्ण घर दिवसाच्या भाड्याने देण्यास वर्षातून ठरावीक दिवसांची, उदाहरणार्थ ६० दिवसांची, मर्यादा असावी आणि शहरात राहणारा एक जबाबदार प्रतिनिधी नेमणे सक्तीचे करावे. आणि महाविद्यालयांनी घर राखू इच्छिणारे विद्यार्थी व बाहेरगावी जाणारे मालक यांची गाठ घालून द्यावी. दोघांच्या सह्यांचे पत्र प्राचार्यांच्या कार्यालयात ठेवावे. या शेवटच्या सूचनेस खर्च जवळजवळ नाही, आणि ओळखीची जी जागा रिकामी झाली आहे, ती भरण्याचे काम शिक्षणसंस्थेइतके चांगले दुसरे कोण करील?

अंमलबजावणी कोण करणार, हा आक्षेप अपेक्षित आहे. मोठ्या महानगरांत तो अवघड असेलही. परंतु जळगाव-धुळ्याच्या वसाहतीत कोणत्या घरी रोज नवी माणसे उतरतात, हे सर्वांना ठाऊक असते. तक्रार कोठे करावयाची एवढेच ठाऊक नसते. नोंदवही आली म्हणजे ती उणीव दूर होईल. धंदा जोरात सुरू झाल्यावर नियम करणे कठीण जाते, कारण तोवर हितसंबंध तयार झालेले असतात. आपल्या शहरांत तो अद्याप बाल्यावस्थेत आहे, तोच हे नियम ठरविण्यास योग्य काळ होय.