मत नावानिशी नोंदवा

महिला आरक्षणाचे विधेयक 20 सप्टेंबर 2023 रोजी लोकसभेत 454 विरुद्ध 2 मतांनी मंजूर झाले. विरोधातल्या दोन मतांपैकी एक औरंगाबाद मतदारसंघाचे तत्कालीन खासदार इम्तियाज जलील यांचे होते. ते मत बरोबर की चूक, यावर वाद घालता येतो. कारण ते कोणाचे होते हे ठाऊक आहे. डिसेंबर 2021 मध्ये मतदारयादीची आधारशी सांगड घालणारे विधेयक लोकसभेत आले, ते आवाजी मतदानाने संमत झाले. डिसेंबर 2023 मध्ये मुख्य निवडणूक आयुक्तांच्या नेमणुकीचा कायदाही तसाच झाला, तोही अनेक विरोधी खासदार निलंबित असताना. त्या दोन्ही दिवशी तुमच्या-आमच्या खासदाराने 'होय' म्हटले की 'नाही', याची नोंद कुठेही नाही. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागते म्हणून तिथे मते मोजावीच लागतात. साधा कायदा मात्र आवाजावर निभावतो.

निवडणुकीच्या नियमांवरचा वादही जुना आहे. जानेवारी 1949 मध्ये संविधान सभेत मध्य प्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी लोकसभेसाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा देण्याची, दुरुस्ती मांडली. देशात साक्षरता तेवढी नाही आणि या पद्धतीने कायदेमंडळाची शकले होऊन सरकार अस्थिर होईल, असे उत्तर डॉ. आंबेडकरांनी दिले. दुरुस्ती फेटाळली गेली. स्थैर्याचा मुद्दा आजही वजनदार आहे, साक्षरतेचा तेवढा उरलेला नाही. 2014 मध्ये चार टक्क्यांहून अधिक मते मिळवूनही बहुजन समाज पक्षाला लोकसभेची एकही जागा मिळाली नाही. एवढ्या मतदारांचा आवाज सभागृहात पोहोचत नसेल, तर या प्रश्नावर पुन्हा चर्चा आणि नोंदवलेले मतदान झालेच पाहिजे.

राज्यसभेची निवडणूक याच प्रमाणशीर पद्धतीने, पसंतीक्रमाने होते. आमदारांना जी पद्धत झेपते ती मतदारांना झेपणार नाही, हे आम्हाला पटत नाही. या निवडणुकीत 2003 पासून आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवावी लागते. जून 2022 मध्ये ती दाखवण्याच्या वादातूनच महाराष्ट्रातले एक मत बाद झाले. म्हणजे आमदाराचे मत पाहण्याचा हक्क पक्षाला कायद्याने दिला. ज्यांनी त्या आमदाराला निवडून दिले, त्यांना दिला नाही.

पक्षादेश मोडला तर 1985च्या पक्षांतरबंदी कायद्याने सदस्यत्व जाऊ शकते, हे खरे. मग तो पक्षादेश काय होता, हेही लोकांसमोर यायला हवे. लोकसभेत मत नोंदवण्याचे यंत्र आहे आणि मतविभाजनाची मागणी कोणताही सदस्य करू शकतो. निवडणुकीच्या नियमांना हात लावणारे प्रत्येक विधेयक, संसदेत असो वा विधानसभेत, नावानिशी मतविभाजनानेच मंजूर व्हावे, अशी आमची मागणी आहे. आपला खासदार पुढच्या वेळी मते मागायला दारात येईल, तेव्हा वाचकांनी त्याला विचारावे: आयुक्तांच्या नेमणुकीच्या कायद्यावर तुम्ही कोणत्या बाजूला होता, आणि मतविभाजन का मागितले नाही?