भरपाईच्या कोष्टकाबाहेरची इजा

9 जून 2025 रोजी सकाळी दिवा आणि मुंब्रा या स्थानकांदरम्यानच्या वळणावर, विरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन लोकलगाड्यांच्या दारांत लटकलेले प्रवासी एकमेकांवर आदळून खाली कोसळले. चौघांचा त्याच दिवशी अंत झाला. पुढे चर्चा झाली ती स्वयंचलित दारांची, गाड्यांच्या फेऱ्यांची आणि मदतीच्या रकमेची. ती व्हावयासच हवी होती. मात्र मृताच्या शेजारी उभा राहून बचावलेल्या प्रवाशाचा विचार तीत फारसा आला नाही.

रेल्वे कायद्याखाली मृत्यूसाठी 2017 पासून आठ लाख रुपये भरपाई मिळते. इजांचे कोष्टकही आहे. पण ते हात, पाय, डोळे आणि कान यांच्या हिशेबाने मांडलेले. त्याबाहेरील वेदनेची दखल घेण्याची काही मुभा दावा न्यायाधिकरणास आहे खरी. तथापि ज्याच्या अंगावर ओरखडाही नाही त्याने ती वेदना सिद्ध कशी करावी? नुकसान मात्र रोकडे असते. झोप उडते, गाडीचा भोंगा ऐकताच छातीत धडधडते, गर्दी पाहून माणूस दोन गाड्या सोडतो. मग उशीर, खाडे आणि पगारातील कपात. दिव्यात घर घेतले जाते ते परवडते म्हणून, आणि ते परवडते रोजचा स्वस्त रेल्वेप्रवास गृहीत धरूनच. तो प्रवासच असह्य झाला की कुटुंबाचा सारा ताळेबंद कोलमडतो.

अशा माणसाला ‘मन घट्ट कर’ असे सांगून भागत नाही. तसेच घटनेनंतर लगोलग प्रत्येकास बोलते करण्याची घाईही उपयोगाची नाही; जागतिक आरोग्य संघटनेनेच तीविरुद्ध सल्ला दिला आहे. प्रथम सुरक्षितता, धीर आणि व्यवहारी मदत. महिना उलटूनही त्रास टिकला तर प्रशिक्षित व्यक्तीकडून मानसोपचार, आणि काय सांगावे, केव्हा सांगावे हे ठरविण्याचा अधिकार रुग्णाचा. आघाताची जाण ठेवणारे समुपदेशन म्हणतात ते हेच.

2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने परवडणारी, आवाक्यातील सेवा हा हक्क मानला आहे. ठाण्यात 1901 पासूनचे मनोरुग्णालय आहे. पण दिव्याहून तेथे लोकलने जावयाचे तर मुंब्र्याचे तेच वळण पार करावे लागते! 14416 ही मोफत दूरध्वनी सेवा 2022 पासून उपलब्ध आहे. तिचे मोल कमी नव्हे. परंतु चाळीतील एका खोलीत घरच्या पाच जणांसमोर कोणी मन कसे मोकळे करावे?

म्हणून समुपदेशक दिव्यातच, स्थानकापासून पायी जाता येईल अशा ठिकाणी हवा. संध्याकाळी आणि रविवारीही हवा. मराठीइतकेच हिंदी बोलणाऱ्यास, तसेच धुणीभांडी करून परतणाऱ्या बाईस तेथे संकोच वाटता कामा नये. रेल्वे आणि महापालिका यांनी हा खर्च वाटून घेणे अवघड नाही. रुळांवरचे देह उचलणारे हमाल आणि गाडी चालविणारे मोटरमन यांनाही त्याच दाराने आत येता आले पाहिजे. त्यांच्या वाट्याला अशी दृश्ये एकदाच येत नाहीत.