परळची मिरवणूक व भायखळ्याचा जुलूस

गेल्या कांहीं वर्षांत मुंबई शहरावर आलेला एक कठिण प्रसंग गाजावाजा न होतां टळला. म्हणूनच त्याचें महत्त्व आमच्या पुष्कळ वाचकांच्या ध्यानांत आलें नसेल. सन 2023 मध्यें अनंत चतुर्दशी व ईद-ए-मिलाद 28 सप्टेंबर या एकाच दिवशीं आल्या. 2024 व 2025 सालीं त्यांत एकेका दिवसाचेंच अंतर होतें. परळ-लालबागचे गणपती ज्या वाटेनें गिरगांव चौपाटीस जातात त्याच वाटेवर भायखळें लागतें, आणि ईदचा मोठा जुलूस भायखळ्याच्याच खिलाफत हाउसपासून निघतो. दोन अफाट समुदाय एकाच रस्त्यावर उतरले असते तर बंदोबस्त कितपत पुरला असता, हें सांगणें नलगे. परंतु मुसलमान पुढाऱ्यांनीं विचार करून तिन्ही वर्षीं जुलूस पुढें ढकलला: 29 सप्टेंबर 2023, 18 सप्टेंबर 2024 व 8 सप्टेंबर 2025. सरकारनेंही सुटीचा दिवस तसाच फिरविला.

ज्या शहरांत 11 ऑगस्ट 1893 रोजीं जुम्मा मशिदीजवळ पेटलेला दंगा शहरभर पसरला, व ज्या शहरांत डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 या दोन महिन्यांत, श्रीकृष्ण आयोगाच्या हिशेबाप्रमाणें, 900 माणसें प्राणांस मुकलीं, तेथें या निर्णयाची किंमत व्यापाऱ्यांस तरी सांगावयास नको.

कित्येक म्हणतात, 'अल्पसंख्याकांस हें करणें भागच होतें. त्यांत कौतुक कसलें?' हा आक्षेप आम्हांस मान्य नाहीं. समाजाचा उत्साह शिगेस पोंचला असतां त्यास 'आज थांबा' असें सांगणें व समाजानें तें ऐकणें, हीच पुढारीपणाची कसोटी होय. पण आमच्या हिंदु बंधूंसही एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या वहींत एकाच पक्षाच्या नांवें सदा देणें लिहिलें जातें, तो व्यवहार फार दिवस चालत नाहीं. जुलूस तीनदां थांबला. आतां नमाजाच्या वेळीं मशिदीपुढें वाद्यें थांबविण्यास मंडळांना पोलिसांचा हुकूम कशाला हवा?

असा समेट टिकावा कसा? फ्रान्स सरकारनें 2003 सालीं मुसलमानांच्या वतीनें बोलणारें एक मंडळ उभारलें. अंतर्गत कलहानें तें खिळखिळें झालें व 2022 सालीं सरकारनेंच तें बाजूस सारून नवी बैठक मांडली. वरून नेमलेला पुढारी खालीं रुजत नाहीं, हा त्यांतला धडा. उलट आमची भिवंडी पाहा. 1970 व 1984 सालच्या दंग्यांनीं तें यंत्रमागांचें गांव होरपळलें होतें. 1988 नंतर तेथील पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनीं मोहल्ल्या-मोहल्ल्यांतील साध्या हिंदु-मुसलमान रहिवाशांच्या कमिट्या केल्या. शेजाऱ्यांचीं भांडणें व रोजच्या अडचणी तेथें मांडल्या जात. 1992 च्या डिसेंबरांत मुंबई जळत असतां भिवंडी शांत राहिली. 1994 सालीं मुंबईंतही सतीश साहनी, ज्यूलिओ रिबेरो व सुशोभा बर्वे यांच्या पुढाकारानें अशाच कमिट्या निघाल्या.

मात्र कमिटींत बसतो कोण, हाही प्रश्न आहे. 18 एप्रिल 1966 रोजीं हमीद दलवाई यांच्या पुढाकारानें सात मुसलमान स्त्रिया तोंडी तलाकाविरुद्ध मुंबईंत मोर्चा घेऊन आल्या. त्यांस कोणीं पुढारी म्हणून नेमलें नव्हतें. केवळ मौलवी व मंडळाचे अध्यक्ष यांसच बोलावलें तर निम्मा समाज उंबरठ्याच्या आंतच राहील.

हिजरी वर्ष सौर वर्षाहून सुमारें 11 दिवसांनीं लहान असल्यामुळें ईद आतां गणेशोत्सवापासून दूर सरकेल व हा योग पुन्हां येण्यास सुमारें तीस वर्षें लागतील. पंचांगानें सवड दिली म्हणून स्वस्थ बसणें शहाणपणाचें नव्हे. 29 जून 2023 रोजीं आषाढी एकादशी व बकरी ईद एकत्र आल्या होत्या, उद्यां दुसरे सण येतील. परळ, लालबाग व भायखळा येथील मंडळांनीं व जमातींनीं दर महिन्यास एकत्र बसावें, स्त्रियांस व दुकानदारांस बरोबर घ्यावें, आणि या कामीं पहिलें आमंत्रण मंडळांनीं धाडावें, अशी आमची त्यांस आग्रहाची सूचना आहे.